घरातला माणूस

“उतरतेस, की बसतेस गाडीतच?” मिस्त्रींनी बायकोला विचारलं.

“उतरते. पिशवी तेवढी घ्या,” म्हणत ती त्यांच्याआधी खाली उतरलीसुद्धा.

सकाळी किल्ला, दुपारी तलाव आणि मधे ही सैनिकांची दफनभूमी, असा सहलीचा बेत होता. मिस्त्रींना तो आधीपासून ठाऊक होता. विषय काढायचं मात्र त्यांनी टाळलं होतं.

बायकोचा पहिला नवरा लढाईवर गेला तो परतलाच नाही. देह सापडला नाही. ‘बेपत्ता’ एवढाच निरोप आला. बरीच वर्षं वाट पाहून तिने मिस्त्रींशी लग्न केलं. त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं, बोलणं बेताचं. गणवेशातला त्याचा फोटो नव्या घरात लावायला खिळा मिस्त्रींनी स्वतः ठोकला. पण नंतर कित्येक वर्षं अवेळी दार वाजलं की ते बायकोच्या आधी उठून दाराशी जायचे. तो आला तर आपण कोण? हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. मुलगा झाला, मोठा झाला, त्याचा संसार थाटला गेला. मिस्त्रींचे केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले. फोटोतला मात्र तसाच ताठ, देखणा.

आत एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या रांगा होत्या. सहलीतली माणसं हळू आवाजात बोलत फोटो काढत होती. टोकाच्या दगडांवर नावंच नव्हती. तिथे गवत कापणाऱ्या माळ्याला बायकोने विचारलं, “हे कुणाचे?”

“ज्यांची ओळख पटली नाही त्यांचे, बाई. कुठून कुठून आणलेले.”

ती एका दगडापाशी खाली बसली. मिस्त्री लांबच थांबले. नवरा-बायकोच्या मधे कशाला जायचं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. पिशवी या हातातून त्या हातात घेत ते उगाच झाडांकडे बघत राहिले.

“अहो, तिकडे काय उभे? या ना.”

ते गेले. ती रडत नव्हती. दगडावरचा पालापाचोळा झाडत होती.

“एक सांगू?” ती म्हणाली. “मला वाटायचं, त्याच्याशी बोलीन. पण बोलायला गेले तर तोंडात ‘बाळा’ आलं. किती लहान होता हो तो. आपल्या पोरापेक्षा लहान.”

 मिस्त्री गुडघा धरत कसेबसे खाली टेकले. ज्याची इतकी वर्षं धास्ती घेतली, तो नुकती मिसरूड फुटलेला पोरगा होता. बेसिनवर हात धुताना भिंतीवरच्या फोटोत रोज समोर दिसायचा, तरी हे कधी लक्षात आलं नव्हतं. दगडाच्या कडेला चिखल वाळला होता. मिस्त्री तो नखाने खरवडत राहिले.

गाडीत पुढच्या सीटवरच्या शिक्षिकाबाई मागे वळल्या. “बराच वेळ बसला होतात. कुणी जवळचं होतं का?”

बायकोने तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाले, “हो. आमच्या घरातला होता.”

बाईंनी मान हलवली आणि त्या पुढे वळल्या. गाडी सुरू झाली. मिस्त्रींच्या तोंडावर ऊन येत होतं. बायकोने हात लांब करून खिडकीचा पडदा ओढला आणि हात तसाच त्यांच्या गुडघ्यावर राहू दिला.