तीन तारा

मधलीने ताईचा फोन चार्जरवरून काढला आणि पुढे काय करावं ते सुचेना, म्हणून परत लावला. ताईला पोचवून येऊन तासही झाला नव्हता. दादा गुडघा धरून ताईच्या खाटेवर बसला होता, धाकटा भाऊ खिडकीशी उभा होता. तिघांना एका खोलीत यायला आठ वर्षं आणि एक मरण लागलं होतं.

ताईची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. "चौघांना सहा तारा कशाला ओढायच्या?" ती म्हणायची. "तीन पुरतात. मला सांगा, मी जोडून देते." ते तिघांच्याही पथ्यावर पडलं. ताईच्या कानावर घातलं की सुटलो. एकमेकांना फोन करायचा खटाटोप कोण करतो?

मंगळवारी मधलीचं गाठीचं ऑपरेशन होतं. "दादा येतोय तुझ्याबरोबर," ताईने गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"दादा, मंगळवारी किती वाजता निघायचं?"

"कुठं?"

"ताई काही बोलली नाही?"

"नाही. तू माझ्या गुडघ्याची चौकशी करतेस, एवढं मात्र दर रविवारी सांगायची." दादा खाली बघत म्हणाला, "बरं वाटायचं गं."

दादाचा गुडघा दुखतो हे मधलीला आज, तो जिना चढताना, पहिल्यांदा कळलं होतं.

म्हणजे ताईने लाइन जोडलीच नव्हती. दोन्हीकडचं तीच बोलत होती. मधलीला तिचा भयंकर राग आला, आणि मग स्वतःची लाज वाटली. खरं सांगावं तर दादाचे सगळे रविवार खोटे ठरत होते.

"माझी पण करायचा ना दादा चौकशी?" खिडकीतून वळून धाकट्याने विचारलं. "ताई सांगायची."

दादाने मधलीकडे पाहिलं.

"करायचा की," मधली म्हणाली. "दर आठवड्याला."

धाकट्याने डोळे पुसले. दादाचा हात गुडघ्यावरून निघाला.

"मंगळवारी कुठं म्हणालीस?"

"कुठं नाही. माझीच गल्लत झाली." तिने पर्समधून पेन काढलं. "आता काही असलं तर मला कळवत जा. मी सांगेन एकमेकांना."

दोघंही लगेच हो म्हणाले, ओझं उतरल्यासारखे. दोघांनी आपापले नंबर तिला लिहून दिले. एकमेकांचा कोणीच मागितला नाही.