भिंतीपलीकडे

तात्सुरोने मिनोरीच्या स्कीच्या बुटाचा खटका दाबला. तो बसेना, म्हणून बर्फात गुडघा टेकून पुन्हा दाबला. हातमोजे काढल्यामुळे बोटं केव्हाच बधिर झाली होती, पण त्याला काही वाटत नव्हतं. ऑगस्टमध्ये बायको, युकारी, गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. बर्फातली ही सहल दर वर्षीची. खोली तिनेच आजारी पडण्याआधी सांगून ठेवली होती. रद्द करायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता. म्हणून लेकीला घेऊन तो आला.

लहान मुलांच्या उतारावर मिनोरी दिवसभर घसरली, पडली, उठली आणि सरकत्या पट्ट्यावरून पुन्हा वर गेली. बाकीच्यांच्या आया खाली उभ्या राहून ओरडून सूचना देत होत्या. तात्सुरो नुसता उभा होता.

"बाबा, पाहिलंस? या खेपेला पडले नाही."

"पाहिलं," तो म्हणाला. त्याने पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी लॉजच्या मालकीणबाई, कुवाबारा काकू, दारातच भेटल्या.

"यंदा दोघंच?" त्यांनी विचारलं आणि त्याचा चेहरा पाहून पुढचं गिळून टाकलं. "बरं, ऐका. आंघोळीला ही सहाची असेल तर तुमच्याबरोबर चालेल. सातची झाली असेल तर बायकांकडे. आता नियमच झालाय तसा."

"सहा," तात्सुरो म्हणाला.

मिनोरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

खाली स्नानघराला दोन दारं होती. पुरुषांच्या दाराला निळा पडदा, बायकांच्या दाराला लाल. मिनोरी मध्येच थांबली.

"बाबा, मी सात वर्षांची आहे."

"कधी झालीस?"

बोलून गेल्यावर त्याला जीभ चावावीशी वाटली.

"आईचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी होता ना, त्याच दिवशी. सगळे काळे कपडे घालून आले होते. आजी रडत होती. मग मी नाही सांगितलं."

तो दिवस त्याला आठवत होता. धूप, भिक्षूंचं पठण, पाहुण्यांसाठी मागवलेले जेवणाचे डबे. पोर किती शहाणी, एका जागी बसून आहे, असं जो तो म्हणत होता. त्यानेही मान डोलावली होती.

"टॉवेल दे. मी जाते एकटी," मिनोरी म्हणाली आणि लाल पडद्याखालून आत गेली. तिला वाकावंही लागलं नाही.

आत गरम पाण्यात एकच म्हातारा बसला होता. तात्सुरो त्याच्या शेजारी उतरला. पुरुष आणि बायका यांच्यामधली भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. दर वर्षी युकारी पलीकडून ओरडायची, आम्ही निघतोय, तूही आवर. त्याच्या बोटांना आधी मुंग्या आल्या, मग कळा सुरू झाल्या. त्याने हात पाण्याबाहेर काढले नाहीत.

"बाबा! आहेस का?"

तात्सुरोने भिंतीकडे पाहिलं.

"अहो, तुम्हालाच हाक मारतेय ना?" म्हातारा म्हणाला. "द्या की ओ."

"बाबा! इथल्या काकू विचारताहेत, तू एकटीच कशी. मी म्हटलं, बाबा आहे पलीकडे. त्यांना खरं वाटत नाहीये."

"आहे," तात्सुरो म्हणाला. ते भिंतीपर्यंतसुद्धा पोचलं नाही. मग तो पाण्यात उभा राहिला आणि कित्येक महिन्यांत ओरडला नव्हता तसा ओरडला, "आहे! मी इथेच आहे!"

पलीकडे बायका हसल्या. त्यांतली एक ठसक्यात म्हणाली, "आहात ना? मग बरं झालं. एवढीशी पोर एकटी पाठवलीत ती! वय काय हो हिचं?"

"सात," तो म्हणाला. "सात पूर्ण झाली. वाढदिवस साजरा करायचा तेवढा राहिलाय तिचा."