जोत्यावरचा तंबू

"खुंट्या ठोकायला लागतात तो तंबू नको, मॅडम. बाकी कंचाबी दाखवा," येसाजी म्हणाला.

महाडच्या त्या दुकानात रायगडावर मुक्कामाला जाणारी पोरं येत, सायकलवर कोकण पालथं घालणारे हौशी पुणेकर येत. कंपनीचा खाकी शर्ट घातलेलं, पँटच्या पायाला सायकलची क्लिप लावलेलं चोपन्न वर्षांचं गिऱ्हाईक काउंटरमागच्या अनुपमाला नवीनच होतं.

"ट्रेक कुठला आहे काका?"

"ट्रेक कसला? घरी जायचंय."

घर म्हणजे पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर असलेली करंजवाडी. अडीच वर्षांपूर्वीच्या पावसात येसाजीचं घर बसलं. वासे कुजले, कौलं फुटली, राहिलं ते नुसतं जोतं. वाडीत आता चारच म्हातारी माणसं उरली होती, पण शिमग्याला गावदेवीची पालखी अजून घरोघर फिरत होती. फिरण्याचा नियम जुना होता. आदल्या रात्री जोत्यावर दिवा लागला पाहिजे आणि घरधनी तिथंच छपराखाली निजला पाहिजे. तीन शिमगे हे झालं नाही, की ते घर पालखीच्या वाटेतून कायमचं निघालं. पहिला शिमगा येसाजीने घर बांधू बांधू म्हणण्यात घालवला, दुसरा इस्पितळात. यंदाचा तिसरा होता.

"मग बांबूवर ताडपत्री टाकली तर?" अनुपमाने विचारलं.

"बांबूला खड्डं घ्यावं लागतात. त्या जमिनीत आमच्या तीन पिढ्यांच्या बाळंतपणातल्या वारी पुरल्यात, मॅडम. माझी हाय, माझ्या लेकीची, सेजलची हाय. तिथं पहार घालू? हात नाय धजत."

अनुपमाने तीन तंबू काउंटरवर मांडले. पहिला सर्वांत स्वस्त. पिशवीतून काढला की आपोआप उघडणारा, पण घडी केल्यावर सुपाहून मोठी चकती व्हायची. ती सायकलवर बांधली तर वारा माणसालाच उडवणार. दुसरा इतका हलका की येसाजीला पिशवी रिकामीच वाटली. पण तो उभा राहायचा तो खुंट्यांच्याच जोरावर. तिसऱ्याला दोन लवचीक काठ्या होत्या, एकमेकींवर फुली मारून वाकवायच्या. हा आपल्या पायांवर उभा राहत होता.

येसाजीने तो हातावर तोलला. "अडीच किलोला थोडा कमी."

अनुपमाने काट्यावर ठेवला. दोन किलो चारशे. ती बघतच राहिली.

यात बघण्यासारखं काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं येसाजीने महाडच्या औद्योगिक वसाहतीत पावडरची पोती भरली होती, पंचवीस किलोचं एक, अशी पाळीला दोनशे. ती उचलून उचलून शेवटी आतडं खाली उतरलं. ऑपरेशन झालं, कंपनीने गेटवर बसवलं, आणि डॉक्टरांनी बजावलं की यापुढे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. ज्याने गोणी फुलासारखी झेलली त्याला आता पिठाचा डबाही बायको उचलू देत नव्हती. हे दुखणं ऑपरेशनच्या दुखण्याहून वाईट होतं, पण ते सांगायचं कुणाला?

"दोन चारशे हा, दोन लिटर पाणी... बसतंय पाचात," तो म्हणाला. "कितीला?"

"अठ्ठावीसशे. तुम्हाला पंचवीसशेला देते. पण एक ऐका काका, आत दिवा, चूल काही नको, कापड भसकन पेटतं. आणि खुंट्या नसतील तर वजन लागेल. डोंगरावरचा वारा याला चेंडूसारखा घरंगळत नेईल."

"वजन कुठनं आणू? पाच किलोचाच परवाना हाय माझा."

"दगड असतील की तिथे," अनुपमा हसून म्हणाली.

भाड्याच्या खोलीत येसाजीने तंबू उभारून दाखवला तेव्हा खाट भिंतीला उभी करावी लागली. त्याच्या बायकोने, तुळसाने, कमरेवर हात ठेवून आधी चारी बाजूंनी पाहिलं.

"भावाला फोन करून सांगते," ती म्हणाली, "आमच्या ह्यांनी घर घेतलंन. पिशवीत मावतंय."

"चेष्टा कर गो. पालखी थांबली नाय तर मंग हसशील?"

तुळसाचं हसू तिथंच थांबलं. करंजवाडीच्या त्या घरातच ती सून म्हणून आली होती. ती काठ्या काढायला लागली.

पालखीच्या आदल्या दिवशी तुळसा नारळ, तांदूळ आणि तेल घेऊन सकाळच्या एसटीने पुढे गेली. येसाजी पहिली पाळी करून तीनला सुटला. तंबू कॅरिअरला बांधून त्याने पोलादपूर गाठलं, पायथ्याच्या गावात सायकल ठेवली आणि पिशवी खांद्याला लावून चढायला लागला. दर वळणावर तो दम खात होता. वर पोचला तेव्हा ऊन अजून जोत्यावर होतं. तुळसाने रान काढून जमीन झाडून ठेवली होती, सारवणही घातलं होतं.

तंबू उभा राहिला आणि लगेच आडवा झाला. वारा सुटला होता. दुसऱ्यांदा उभा केला तर एक कोपरा उचलून तो सरळ दरीकडे निघाला. तुळसा धावली, त्यावर अंगाने पडली, म्हणून वाचला. येसाजी बांधावरचा धोंडा उचलायला वाकला.

"हात लावू नका!" ती पडल्या पडल्या ओरडली. "आतडं परत खाली उतरवायचंय का?"

"मंग काय करू? तू रातभर अशीच पडून ऱ्हाणार?"

तुळसा उठून बसली. समोर, जिथे स्वयंपाकघर होतं त्या कोपऱ्यात, सासूचं जातं होतं. घर बसलं तेव्हा नेता येईल ते सगळं खाली नेलं होतं. जातं जड म्हणून राहिलं. पलीकडे पाटा राहिला, तोही त्याच कारणाने.

"धोंडं उचलायचं कशाला," ती म्हणाली. "हाय तिथंच हायत की. दोरीच लांबवा."

मग सोपं झालं. एक दोरी जात्याला, एक पाट्याला, तिसरी न्हाणीच्या दगडाला. चौथीसाठी जोत्याबाहेर येसाजीच्या बापाने बैलांसाठी ठोकलेली मेख होती. दोऱ्या पुरल्या नाहीत तिथे सुतळी जोडली. वाऱ्याने तंबू फुगला, फडफडला, पण जागचा हलला नाही. दिवा त्यांनी जात्याच्या तोंडात लावला, आडोशाला.

सकाळी ढोल वाजत पालखी वर आली. पुढे कुशाबा होते, वाडीतलं सगळ्यांत जुनं माणूस. कुठल्या घराशी थांबायचं ते त्यांच्या काठीवर ठरायचं. येसाजी तंबूतून रांगत बाहेर आला आणि टोपी सावरत उभा राहिला. मुंबईहून आलेल्या दोघांनी मोबाईल काढले.

"ह्यो काय रे, येशा?" कुशाबांनी विचारलं. "असलं तंबू ट्रेकवालं लावतात. रातीला ऱ्हातात, सकाळी खुंट्या उपटून चालू पडतात. ह्याला घर म्हनू?"

रात्रभर जुळवलेलं सगळं बोलणं येसाजीला आठवेनासं झालं.

"खुंटी मारली नाय, आबा," तो एवढंच म्हणाला.

कुशाबा पुढे आले. काठीने त्यांनी एक दोरी चाचपली आणि तिच्या मागोमाग सावकाश चालत पाट्यापर्यंत गेले. मग दुसरी धरून न्हाणीशी, तिसरी धरून मेखेशी, चौथी धरून जात्याशी. जात्याच्या तोंडातली वात अजून मिणमिणत होती. म्हातारा वाकला आणि त्याने जात्यावर हात ठेवला.

"तुझ्या आयशीनं दुकाळात ह्याच्यावर आमचं दळण दळलंन," ते म्हणाले. मग मागे वळून त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "येसाजी धोंडूचं घर! टेकवा पालखी!"

तुळसाने ओवाळलं. येसाजीने नारळ दिला. फोडायला जोर लागतो म्हणून तो त्याने दुसऱ्याच्या हाती सोपवला, आणि याची त्याला जराही लाज वाटली नाही.

ढोल पुढच्या घराकडे गेले. दोघांनी तंबू उतरवला, काठ्या दुमडल्या, पिशवी भरली. येसाजीने ती हातावर तोलली आणि तो थबकला.

"हलकी लागते. काय ऱ्हायलं गो?"

"दोऱ्या," तुळसा जोत्यावरून उतरत म्हणाली. "ऱ्हाऊ देत बांधलेल्या. पुढल्या शिमग्याला परत कोण बांधत बसंल?"