पलीकडची मूठ

मला दोन मुठी आहेत आणि वयही बरंच झालं आहे. मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. आजवर मी फक्त लाकूडच कापलं.

धानोऱ्याच्या एका लोहारानं मला घडवलं. लियाकतभाऊ आणि त्यांचे धाकटे भाऊ शहबाज यांनी भागीदारीत सुतारकामाचं दुकान काढलं, तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे. माझं काम एकट्याचं नाही. एकानं ओढायचं, मग हात सैल सोडायचा. तेव्हा दुसरा ओढतो. वीज गेली की मशीन गप्प बसे आणि दोघे भाऊ माझ्यानं सागाचा ओंडका कापत. गिऱ्हाइकं कौतुकानं बघत. शहबाज थट्टा करायचे, "भाईजान, ओढा ना जरा! का दोन्हीकून मीच ओढू?"

मागच्या पावसाळ्यात शहबाज तापानं गेले. चाळीस दिवस मी खुंटीवर गंजत होते. मग लियाकतभाऊंनी मला ओंडक्यावर ठेवलं, एकट्यानं ओढलं आणि सवयीनं हात सैल सोडला.

तरी मी पलीकडे ओढली गेले. पलीकडच्या मुठीवर हात नव्हता, पण ओढ होती. माझीच काही चूक होत असेल, असं मला बरेच दिवस वाटलं. पण भुसा दोन्ही बाजूंना पडत होता.

कागदपत्रं करणाऱ्या दीपालीताई आल्या. "लियाकतभाऊ, दोघांतला एक गेला का भागीदारी संपली. दुकान एकट्याच्या नावावर करा. या महिन्यात सही नाई केली त परवाना जाते."

"गेला कोन म्हनते? रोज कामावर येऊन राह्यला तो."

दीपालीताई हसल्या. मग त्यांनी माझी पलीकडची मूठ आपोआप ओढली जाताना पाहिली, आणि चपला दारातच विसरून गेल्या.

सही केली तर भाऊ यायचा थांबेल, ही लियाकतभाऊंची भीती. मला मात्र वेगळंच जाणवत होतं. ती ओढ दिवसेंदिवस थकत चालली होती. दुपारनंतर ती थरथरायची, तरी न चुकता यायची.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, शहबाज यांच्या पत्नी सुलतानाबाई कागद घेऊन आल्या. वारस म्हणून त्यांची सही झालेली होती. त्यांनी मला चालताना पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. रिकाम्या मुठीकडे बघत म्हणाल्या, "भाईजान, थकलो म्हनून ते जिवंतपनी बी कधी बोलले नाई. आता तरी त्याहिले सोडा. मी अन् माही पोरगी नाजिया याच दुकानावर जगतो ना."

"अन् मले एकट्याले नाई जमलं त?"

"नाई जमलं त नाई जमलं. पन त्याहिले काऊन राबवता?"

लियाकतभाऊंनी ओंडक्यावरच कागद ठेवून सही केली. मग मला ओढलं, हात सैल सोडला. मी लाकडात तशीच अडकून राहिले.

मित्रांनो, अवजारांची निगा राखा, त्यांना तेल लावा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढंच सांगते : गेलेल्या माणसाला कामावर बोलावत राहू नका. आम्हा अवजारांना नाही म्हणता येत नाही. गेलेल्यांनाही येत नाही.