काडीला पाच तारे

सायकलच्या मोठ्या शर्यतीत घाटमाथ्यावर संपणाऱ्या टप्प्यात कोण जिंकेल, हे आदल्या दिवशी सांगणं हे माझं काम. एकवीस वर्षं मी ते करत होतो. पाच नावं, नावापुढे तारे, आणि खाली दहा ओळी. शर्यतीबरोबर फिरणारे ड्रायव्हर, डॉक्टर, मेकॅनिक, सगळे सकाळच्या चहाबरोबर माझा स्तंभ वाचायचे. वाचकांना वाटायचं, हा माणूस रात्रंदिवस आकडेमोड करतो. मीही तसंच वाटू द्यायचो. खरं म्हणजे मी फक्त माणसं जेवताना बघायचो.

माझी पद्धत साधी होती. पाच खुणा, खुणेला एक तारा. गाल आत गेलेत का. ताटात उरतंय का. जिन्यावर पाय जपतोय का. बोलणं कमी झालंय का. आणि सकाळी उठल्या उठल्या नाडीचे ठोके किती. ज्याचं वजन उतरलंय त्याला चढ हलका जातो, ज्याच्या डोक्यात शर्यत आहे तो गप्प असतो, आणि तयारीतलं हृदय सावकाश चालतं. पाचही खुणा एकाच माणसात मी कधी पाहिल्या नव्हत्या. बाराव्या टप्प्याच्या आदल्या दिवशी पाहिल्या, आणि तो माणूस माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

त्याला सगळे काडी म्हणायचे. नाव मीच पाडलेलं, बाकीच्यांचीही पाडायचो तसं. लग्नाच्या कितीतरी आधी तो माझ्याकडे शर्यतीची सायकल शिकायला यायचा, तेव्हा उभा राहिला की सायकल जाड दिसायची. नऊ वर्षं तो मोठ्या संघात होता आणि नऊ वर्षं त्याने दुसऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या वाहिल्या. या वर्षी त्यांचा म्होरक्या दुसऱ्याच टप्प्यात हात मोडून घरी गेला आणि मॅनेजर काडीला म्हणाला, बाराव्या दिवशीचा चढ तुझा. पाचव्या दिवशी त्याला ताप आला. दोन दिवस तो तापातच चालवत राहिला, मग ताप उतरला. मी त्यावर एक वाक्यही लिहिलं नाही. शर्यतीत ताप कुणाला येत नाही?

त्या दुपारी मी गाडीने चढ बघून आलो. चौदा किलोमीटर, नवा डांबरी रस्ता, वारा बाजूने. शेवटून दोन किलोमीटरवर डावीकडे एक वळण, आणि तिथून रस्ता भिंतीसारखा उभा. घोळक्यातून सुटून हल्ला करायचा तर इथेच, असं मी वहीत लिहिलं आणि हॉटेलात परत येऊन भोजनगृहाच्या कोपऱ्यात माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसलो.

काडी आला. गाल असे बसलेले की दातांची रांग बाहेरून मोजावी. त्याने भात घेतला, चिवडला आणि अर्ध्याहून जास्त तसाच ठेवून उठला. शेजारचा काहीतरी विनोद करत होता, याने नुसतं बघितलं. लिफ्ट बिघडली होती, म्हणून तो जिन्याने निघाला आणि पहिल्याच वळणावर कठड्याला धरून थांबला. चांगला मिनिटभर. जपतोय, मी मनात म्हटलं. शाबास.

मी वर गेलो तेव्हा तो पलंगावर आडवा होता.

"आज सकाळी किती?" मी विचारलं.

"एकतीस."

मी दोनदा विचारून घेतलं. एकवीस वर्षांत मी छत्तीसच्या खाली ऐकलं नव्हतं.

"कमी आहेत ना, दादा?"

"कमी? अरे, लोक यासाठी आयुष्य घालवतात."

तो हसला. त्याचं हसू बघून मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. खाली येऊन मी यादी लिहिली. पहिला काडी, पाच तारे. दुसरा खार, चार. तिसरा मास्तर, तीन. चौथा म्हातारा, दोन. पाचवा जुळ्यांतला धाकटा, एक. घरच्या माणसाला वर घातलं असं कुणी म्हणेल, म्हणून पाचही खुणा एकेक करून लिहिल्या, एकतीसचा आकडासुद्धा. तो कुठल्या वळणावर सुटेल हेही लिहून टाकलं. संपादकाचा फोन आला, म्हणाला, "एवढं ठामपणे तुम्ही कधी लिहीत नाही." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सकाळी हॉटेलच्या मागच्या अंगणात बसगाड्या धुवायचं काम चाललं होतं. काडीच्या संघाचा मालिशवाला बादलीवर बसून हात पुसत होता. तीस वर्षं पाय चोळलेला माणूस, बोलतो कमी. त्याने मला हाताने जवळ बोलावलं.

"तुमचा पेपर वाचला," तो म्हणाला. "पाय गार आहेत त्याचे."

"सकाळचं गार असतातच."

"असतात. पण चोळले की गरम होतात. याचे होत नाहीत. चार दिवस झाले. घोट्याला बोट दाबलं की खड्डा राहतो."

"डॉक्टरला सांगितलंत?"

"सांगितलं. डॉक्टर म्हणाला, ठोके बघ, एकतीस आहेत, घोडा आहे घोडा. तुमच्याच पेपरात वाचून म्हणाला." त्याने टॉवेल पिळला. "मी काय, पाय चोळणारा. काडी तुमचं ऐकतो."

त्याला काय म्हणायचंय हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून सांगतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बहीण.

"दादा, तू त्याला बघितलंस का?"

"रोजच बघतो."

"तसं नाही. नीट बघितलंस का? काल संध्याकाळी तोंड धुताना डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाला. मला फोनवर काय दिसणार? मी म्हटलं सोडून ये, तर म्हणतो, दादांनी थांब म्हटलं तर थांबेन. तू बघ आणि सांग ना. तू म्हणशील ते मला चालेल."

बसच्या काचेवर कुणीतरी माझा स्तंभ चिकटवला होता. पाच तारे लाल पेनाने गिरवलेले. दोघे मेकॅनिक ते बघून मला अंगठे दाखवत होते. एकवीस वर्षांत छापलेला शब्द मी कधी मागे घेतला नव्हता, आणि हा तर माझा सगळ्यात देखणा अंदाज होता. मला तो खरा व्हायला हवा होता. त्याच्यासाठी हवा होता असं मी अजून अधूनमधून म्हणून बघतो. पटत नाही.

"बघितलं," मी म्हणालो. "ठीक आहे तो. बाराव्या दिवशी सगळ्यांना अंधारी येते. संध्याकाळी मी डॉक्टरशी बोलतो."

"नक्की ना?"

"अगं, मी काय आज बघतोय का सायकलवाले?"

ती हसली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

काडी बसमधून उतरला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं, आणि त्याने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावली होती. तो सरळ माझ्याकडे आला. ओठांचा रंग मला आवडला नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, शिकाऊ होता तेव्हा राहायचा तसाच.

"काय करू, दादा?"

"डाव्या वळणापर्यंत कुणाच्या तरी मागे राहा," मी म्हणालो. "मग मागे बघू नकोस."

त्याने मान हलवली आणि गेला.

अंतिम रेषेजवळ मोठा पडदा लावला होता. मी पत्रकारांच्या तंबूत पहिल्या रांगेत बसलो. शेवटचा चढ लागला तेव्हा साठ जण होते, मग तीस, मग नऊ. प्रत्येक वळणावर कुणीतरी गळत होता आणि जे उरत होते ते माझ्या यादीतले. निवेदकाने लाउडस्पीकरवर माझा स्तंभ वाचायला घेतला. लोक टाळ्या वाजवत होते. काडी खारीच्या मागे लपून चालला होता, तोंड बंद करून. इतरांची तोंडं उघडी होती. तेवढ्यानेही मला धीर आला.

डावं वळण आलं आणि तो सुटला. मी लिहिलं होतं तिथेच, रस्त्याच्या त्याच बाजूने. तंबूतले सगळे माझ्याकडे वळले. रेडिओवाल्याने माझा खांदा दाबला. दहा मीटर, वीस, चाळीस. त्याने मागे बघितलं नाही. मी उभा राहिलो होतो, आणि मला आनंद झाला होता. हे लिहायलाच हवं. त्या चाळीस मीटरांत मी मालिशवाल्याला विसरलो होतो.

मग त्याचे पाय थांबले. दमलेल्या माणसाचे पाय आधी जड होतात, याचे नुसते थांबले. सायकल थोडी पुढे गेली, कडेला कलली आणि तो हात न टेकता पडला. मागून येणारा कॅमेरा पुढच्यांबरोबर निघून गेला. पडद्यावर खार, त्याच्यामागे मास्तर.

"उठेल," रेडिओवाला म्हणाला.

खार पहिला आला. मग मास्तर. मग म्हातारा, मग जुळ्यांतला धाकटा. कुणीतरी मागून ओरडलं की चौघेही अगदी लिहिल्याप्रमाणे, क्रमाने, आणि ओरडणाऱ्याला कुणीतरी गप्प केलं. मी तंबूतून बाहेर पडून उतारावरून पळत सुटलो. वळणावर पोचलो तेव्हा मालिशवाला रस्त्यावर गुडघे टेकून बसला होता आणि काडीचे पाय चोळत होता. डॉक्टर छाती दाबत होता. थोड्या वेळाने डॉक्टर थांबला. मालिशवाला थांबला नाही.

तापाने हृदयाला सूज आली होती, इस्पितळात म्हणाले. आठवडाभर तरी असेल. भूक मेली असेल, दम लागत असेल, ठोके कमी होत गेले असतील. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

बहीण सूर्य मावळायच्या आत पोचली. शेजाऱ्यांनी गाडीने आणली. ती आत जाऊन त्याला बघून आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बसली. तिच्या हातात सकाळचा पेपर होता. वाटेत कुठेतरी घेतला असावा, किंवा घरूनच आणला असेल, त्याचं नाव पहिलं होतं म्हणून. ती रडत नव्हती. तिने पेपर मांडीवर उलगडला आणि यादीवर बोट ठेवलं.

"दादा, हे पाच तारे तू कशाकशाचे दिलेस?"

सगळं तिथेच खाली छापलेलं होतं. तिने वाचलंही असणार. तरी ती थांबून राहिली, म्हणून मी सांगायला लागलो. गाल बसले होते त्याचा एक. जेवण जात नव्हतं त्याचा एक. जिन्यावर थांबला त्याचा.