वाकताना पडणारा उजेड

बाल्झान गेल्यावर अमांगेल्दीने लग्नांचे फोटो काढणं सोडलं होतं. कझाकस्तानातल्या ताराझ शहरात कितीतरी लग्नांत तो कॅमेरा धरायचा आणि बायको वायरीने जोडलेला सोव्हिएत फ्लॅश घेऊन बाजूला उभी राहायची. पण आता मेरुएर्तच्या मुलाचं लग्न निघालं. मेरुएर्त बाल्झानची धाकटी बहीण. तिला नाही कसं म्हणणार?

"दाजी, बेताशारला नवरीचं तोंड उघडतात, ते फोटो तुम्हीच काढायचे," ती म्हणाली. "माझ्या सुनेच्या तोंडावर ताईच्या फ्लॅशचा उजेड पडला पाहिजे."

"तो धरायला माणूस नाही."

"मग शोधा. दुसरी बायको शोधा असं नाही म्हणत मी."

अमांगेल्दी नवा डिजिटल कॅमेरा घेऊन बाजारात जुना मित्र कुआनिश याच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेला. कुआनिशने वायरलेस ट्रिगरच्या दोन डब्या काढल्या.

"एक कॅमेऱ्यावर, एक फ्लॅशखाली. फ्लॅश स्टँडवर. वायर नको, माणूस नको."

अमांगेल्दी फ्लॅश डबीवर सरकवायला लागला.

"अरे थांब! आधी मोजू."

कुआनिशने फ्लॅश चालू केला, तयारीचा दिवा लागू दिला आणि मल्टीमीटरची एक सुई फ्लॅशच्या बुडाशी असलेल्या मधल्या टाचणीला, दुसरी कडेच्या पट्टीला लावली. दोनशे चाळीस व्होल्ट.

"या डबीला बारा झेपतात," तो म्हणाला. "जळून गेली असती. कॅमेऱ्यावर चढवला असतास तर कॅमेरा गेला असता."

"जुना कॅमेरा तर कधी तक्रार करत नव्हता."

"त्याच्यात नुसते पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांना टेकायचे. काहीही सोसायचा बिचारा, तुझ्या बायकोसारखा."

कुआनिशने जीभ चावली.

"खरं आहे," अमांगेल्दी म्हणाला. "उघडून आतून कमी करता येईल?"

"हात लावू नकोस. बंद केल्यावरही आत वीज साठलेली असते. मग फोटो तुझा काढावा लागेल."

त्याने व्होल्टेज उतरवणारा एक छोटा अडॅप्टर फ्लॅशखाली बसवला आणि पुन्हा मोजलं. पाच. मगच डबी जोडली. फ्लॅश उडाला, डबी शाबूत राहिली.

लग्नाच्या दिवशी अमांगेल्दीने स्टँड उंच करून बाल्झानच्या जागी उभा केला. डबी बिघडली तर असावा म्हणून कुआनिशही आला होता. नवरी झिरझिरीत पडद्याआड उभी राहिली. गवयाने दोन तारांचा दोंब्रा छेडला आणि तो सासरच्यांची नावं घेऊ लागला. प्रत्येक नावाला नवरी वाकत होती.

अमांगेल्दीने पहिले फोटो पाहिले. नवरी उभी असताना उजेड चांगला होता. वाकली की उंच टोपीच्या काठाची सावली तोंडावर पडायची आणि चेहरा काळाठिक्कर दिसायचा.

बाल्झानच्या फोटोंत असं कधी झालं नव्हतं. ती नवरीबरोबर स्वतःही वाकायची. अमांगेल्दीला आयुष्यभर वाटत आलं की ही रीतभात पाळते. सासू नवरीची, आणि वाकते ही, म्हणून त्याने तिची चेष्टाही केली होती. आता त्याला कळलं, ती उजेड खाली नेत होती. तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

सासूचं, म्हणजे मेरुएर्तचं, नाव अजून यायचं होतं.

"कुआनिश," तो कुजबुजला. "फ्लॅश स्टँडवरून काढ. हातात धर. ती वाकली की तूही वाक."

"माझे गुडघे?"

"ते नंतर मोजू."

कुआनिशचं पोट मोठं होतं, तरी तो वाकला. गवयाने काकांचं नाव घेतलं, तो वाकला. मेरुएर्तचं नाव घेतलं, तो पुन्हा वाकला. नवरीच्या चेहऱ्यावर खालून मऊ उजेड आला. म्हाताऱ्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "माणूस जाडा आहे, पण वळण चांगलं आहे."

शेवटी मेरुएर्तने गवयाच्या कानात काही सांगितलं. त्याने सूर खाली आणला आणि नवऱ्या मुलाच्या, आता हयात नसलेल्या मोठ्या मावशीला, बाल्झानला, नमस्कार करायला सांगितलं.

नवरी वाकली. कुआनिश वाकला. अमांगेल्दीने बटण दाबलं.

तो फोटो मेरुएर्तने चौकटीत लावला. त्यात नवरी नाही, नुसता गालिचा आहे, कारण बटण दाबताना अमांगेल्दीही वाकला होता. गालिच्यावर उजेड मात्र बरोबर पडला आहे.