फक्त बाईंसमोर अडणारं दार

दार सुरळीत खाली आलं, जमिनीला टेकलं आणि मोटर गप्प झाली. सेन्सरपाशी उकिडवा बसलेला दारवाला गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि माफी मागितल्यासारखा हसला. बाईंच्या मुलाने भिंतीवरच्या बटणावरचं बोट काढून घेतलं. दोघांपैकी कोणीही बाईंकडे पाहिलं नाही.

"लागलं की," मुलगा हळूच म्हणाला.

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या.

त्यांना सगळे गाडीबाई म्हणत. उभं आयुष्य त्यांनी शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी चालवायला शिकवली होती. गॅरेजची दारं बसवणारा हा दारवालाही त्यांचाच विद्यार्थी. परीक्षेच्या दिवशी याने पुढे जायचं सोडून गाडी थेट मागच्या कुंपणात घातली होती, आणि परीक्षक उतरून पायी निघून गेले होते. आता याच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं, तरी बाईंसमोर तो पाठ ताठ करूनच उभा राही.

भानगड अशी होती. रोज संध्याकाळी बाई धाकट्या बहिणीला गाडीतून तळ्यावर नेत. बहिणीचे गुडघे गेलेले; तेवढंच तिचं बाहेर पडणं. तिला घरी सोडून बाई परत येत, गाडी गॅरेजात घालत आणि सीटवरूनच रिमोट दाबत. दार वीतभर खाली येई, थबके आणि पुन्हा वर जाई. परत दाबलं की परत तेच. अंधार पडल्यावर मात्र ते निमूट बंद होई. अधूनमधून बाई कंटाळून ते तसंच सोडून आत जात आणि मग विसरत. रात्रभर गॅरेज उघडं. शेवटी शेजाऱ्यांनी मुलाला कळवलं.

मुलगा दातांचा डॉक्टर, राहायला गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो एकदा सकाळी येऊन गेला, एकदा दुपारी. दोन्ही वेळा दार बिनबोभाट लागलं. दार ठीक आहे म्हणजे आई ठीक नाही, असा हिशेब त्याच्या मनात जुळत चालला होता. तो तसं बोलला नाही. आता गाडी चालवणं पुरे, किल्ली माझ्याकडे दे, एवढंच म्हणाला. बाईंनी त्याला सांगितलं, संध्याकाळी दारवाल्याला घेऊन ये. त्याच्यासमोर दार लागलं तर किल्ली तुझी.

आणि दार लागलं होतं.

मुलगा काहीच मागत नव्हता. तेच जास्त टोचत होतं.

दारवाल्याने उगाच पुन्हा एकदा रूळ पुसले. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकेक डोळा असतो, असं त्याने बाईंना समजावलं. एक डोळा न दिसणारा उजेड फेकतो, दुसरा तो झेलतो. मध्ये मांजर किंवा मूल आलं तर उजेड तुटतो आणि दार घाबरून वर जातं.

"म्हणजे माझ्या वेळेला त्याला मध्ये कोणीतरी आहे असं वाटतं."

"हो बाई. पण मध्ये तर कोणी नसतं."

बाईंनी दार उघडायला लावलं आणि दोघांना गाडीत बसायला सांगितलं. दारवाला घुटमळला.

"तुला काय रस्त्याच्या कडेला उभं करून गाडी शिकवली होती? बस. मी बसते तिथे बस."

दारवाला स्टिअरिंगपाशी बसला, बाई त्यांच्या जुन्या जागी शेजारी. मुलगा मागे गुडघे पोटाशी घेऊन कोंबला गेला आणि लहान मुलासारखा उलटा वळून मागच्या काचेतून दाराकडे बघू लागला. दारवाल्याने रिमोट दाबला.

दार वीतभर खाली आलं, थबकलं आणि वर गेलं.

"आई," मुलगा म्हणाला, "दार बिघडलंय." घरात बाळ जन्मल्याची बातमी सांगावी तसा त्याचा आवाज होता.

मग तिघांनाही चेव चढला. दारवाला उतरून सेन्सरपाशी बसला, मुलाला रिमोट दाबायला सांगितलं, दार लागलं. तो परत गाडीत येऊन बसला, दार अडलं. मी जवळ असलो की कसं शहाण्यासारखं वागतं, असं तो कौतुकाने म्हणाला.

"तुझ्यावर गेलं नाही म्हणायचं," बाई म्हणाल्या. "तू परीक्षक दिसला की बिघडायचास."

पुढच्या खेपेला दारवाला पुन्हा वाकला, तेव्हा मुलाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दादा, तसेच थांबा. आता फक्त डोकं बाजूला घ्या."

दारवाल्याने डोकं हलवलं. खाली उतरलेलं तिरपं, केशरी ऊन त्या झेलणाऱ्या डोळ्याच्या काचेवर थेट पडलं.

मुलगा उतरून धावतच तिकडे गेला. दवाखान्यात दिवसभर हेच चालतं, तो सांगू लागला. दात नीट दिसावा म्हणून वाकावं, तर आपल्याच डोक्याची सावली दातावर. इथेही जो तपासायला येतो तो त्या डोळ्यावर सावली धरतो, आणि उन्हाने दिपलेल्या डोळ्याला तेवढ्यापुरतं दिसू लागतं. सकाळी, दुपारी ऊन इथवर येतच नाही.

दारवाल्याने कपाळावर हात मारला. डोळे बसवले होते त्यानेच, तेही एका ढगाळ दिवशी. उपाय सोपा होता. झेलणारा डोळा पलीकडे सावलीत लावायचा आणि फेकणारा इकडे. फेकणाऱ्याचं उन्हाने काही अडत नाही. तो वायरी सोडवू लागला. मुलगा शेजारी मांडी ठोकून बसला आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून त्याने ते दातांत धरले.

"दातांचा डॉक्टर ना तू?" बाई म्हणाल्या.

तोंड बंद असल्यामुळे त्याला नीट हसताही येईना.

काम झालं तरी ऊन अजून होतं. तिघं पुन्हा गाडीत बसले. या वेळी दार थबकलं नाही. फरशीवरची उन्हाची पट्टी बारीक होत गेली, दोरीएवढी झाली, मिटली. पुन्हा एकदा, मुलगा म्हणाला. त्यांनी ते पुन्हा केलं, मग आणखी एकदा, मग दारवाल्याला हवं होतं म्हणून.

शेवटच्या खेपेला बंद दारामागच्या अंधारात कोणीच उतरलं नाही.

"विसरते मी कधीकधी," बाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "दार उघडं राहिलं ते माझ्याचमुळे. गाडी झेपेनाशी झाली की मीच तुला बोलावीन. तोवर मागू नकोस."

"नाही मागणार," मुलगा म्हणाला.

बाईंनी उतरून दारवाल्याला आपल्या जागी सरकायला लावलं. बॉनेटवर तळहात टेकवत अंधारातूनच त्या पलीकडे गेल्या आणि स्टिअरिंगपाशी बसल्या. आज उशीर झाला होता, बहीण चपला घालून बसली असेल. तळ्यावर कोण येतंय, असं त्यांनी विचारलं. दोघांपैकी कोणीच उतरलं नाही.

दार वर जाऊ लागलं. ऊन आधी फरशीवर आलं, मग मागच्या काचेवर. बाईंनी क्लच इतका अलगद सोडला की गाडी निघाली आहे, हे मागे बसलेल्या मुलाला हातावर सरकत आलेल्या उन्हामुळेच कळलं.